माझ्या मापाचं टेबल

उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा पहिल्यांदा मी चिडले. माझं असंच असतं. दुखलं की आधी राग येतो, मग आणखी दुखतं, मग आणखी राग. हात झटकायची, खिडकीच्या गार गजाला दाबून धरायची, बर्फ लावायची आणि पुन्हा कीबोर्डवर ठेवायची. थोड्या वेळात बोटं परत दुसऱ्या कुणाची असल्यासारखी व्हायची.

माझं काम बोटांचंच. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की जे काही तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि नीट टाइप करून पाठवायचं. हल्ली पहिला मसुदा मशीनच करतं आणि आपण त्यातले घोळ निस्तरायचे. म्हणजे टायपिंग कमी झालं आणि माउसची टिकटिक दुप्पट झाली. लोकांच्या मनगटांचे, मणक्यांचे, गुडघ्यांचे रिपोर्ट लिहिता लिहिता माझंच मनगट कामातून जायला आलं, यातली गंमत मला तेव्हा अजिबात कळत नव्हती.

कारण हात गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर भिलाईच्या या क्वार्टरमध्ये मी काय म्हणून राहणार होते? नागपूरचा संसार मोडून मी आईबाबांकडे परत आले, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. बाबांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही. आईने विचारून विचारून शेवटी नाद सोडला. गेटपाशी भेटणाऱ्या शेजारच्या बायका मात्र हटकून विचारायच्या, कितने दिन हो बेटा? मी सांगायची, इथूनच काम करते, ऑनलाइन. तेवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते गेलं असतं तर मी या घरात कुणाची तरी काळजी होऊन राहिले असते, आणि मला ते मरणाहून नको होतं.

तोवर मी घरभर हिंडत काम करायची. सकाळी जेवणाच्या टेबलावर, तिथे आईचं भाजी निवडणं सुरू झालं की पलंगावर, पलंगावर पाठ आखडली की आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर, तिथे पाय अडकला की इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने. कूलरची हवा ज्या खोलीत जाईल त्या खोलीत मी जायची. आई म्हणायची की मांजर पिल्लं हलवतं तशी ही पोरगी लॅपटॉप घेऊन फिरते. खरं सांगायचं तर टेबल नव्हतं म्हणून मी फिरत होते असंही नाही. माझ्यात बसणंच उरलेलं नव्हतं. बसले की डोकं नागपूरला जायचं, मग उठून पाणी प्यायला जायची, तहान नसताना.

सिविक सेंटरकडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करणारी एक मुलगी बसते. माझ्याहून बरीच लहान, पण हात घट्ट. तिने माझं मनगट वाकवून धरलं आणि मिनिटभरात बोटं झणझणायला लागली. तिने हिंदीत समजावलं की नस दबते आहे. ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, पण असंच चालू राहिलं तर येईल, आणि त्याआधी हातातून ग्लास सुटायला लागतील. व्यायाम दिले, रात्री बांधायचा पट्टा दिला, आणि म्हणाली की आधी टेबल नीट करा. कोपर काटकोनात, मनगट सरळ, खांदे सैल, पाय पूर्ण जमिनीवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. अर्धा तास मी बसले कधी होते?

घरी येऊन मी मोबाइलवर टेबलं बघायला लागले. बटण दाबलं की वर-खाली होणारी, चाकाने फिरवायची, पाय लहानमोठे करता येणारी. एक बरं वाटलं ते बाबांना दाखवलं, आणि तिथेच चुकले.

बाबांची हयात इथल्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये गेली. रिटायर झाल्यापासून ते घर मेंटेन करतात. नळाचे वॉशर, पंख्यांचे रेग्युलेटर, गेटची बिजागरं, शेजाऱ्यांच्या सायकली. आता घरात कुरकुरणारं काहीच उरलं नव्हतं आणि तेच त्यांचं दुखणं होतं. दिवसातून चार वेळा स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर चक्कर मारायचे आणि हात हलवत परत यायचे. चैन न पडणं हा आमच्या घराण्याचा वारसाच म्हणायचा, फक्त त्यांच्या हातात पाना असतो आणि माझ्या हातात लॅपटॉप.

त्यांनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला, आणि निकाल दिला की हे टेबल नाही, हा पत्रा आहे. वरची फळी भुसा दाबून केलेली. पाय वर-खाली होतात म्हणजे ते ढिले पडणार, ढिले पडले की हलणार, आणि हलणाऱ्या टेबलावर हात ठेवला तर दुखणार नाही तर काय होईल? शिवाय भिलाईत राहून लोखंडाचं टेबल पार्सलने मागवायचं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आपण बनवू, म्हणाले. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मोबाइल बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची मधल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आणि मला बसवलं. हातात स्टीलचा टेप, कानावर पेन्सिल. जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून कोपर, जमिनीपासून डोळे. एकेक माप दोनदा घ्यायचे, दुसऱ्यांदा पहिल्यासारखंच आलं की समाधानाने हुंकार द्यायचे. मी शाळेच्या ग्रुप फोटोत बसतात तशी बसले होते. पाठ सरळ, हनुवटी वर, खांदे मागे. आई दारातून बघत होती. तिने विचारलं, 'कावून गं, टेबलाचं माप घेऊन राहिले का लग्नाच्या ब्लाउजचं?' आणि मग लग्न हा शब्द तोंडून गेल्याचं लक्षात येऊन तशीच आत गेली.

मग ड्रॉइंग झालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, समोरून, बाजूने, वरून, तिन्ही बाजूंनी. स्क्रीनसाठी मागे उंच फळी, लॅपटॉपला जोडायच्या वेगळ्या कीबोर्डसाठी पुढे खाली दुसरी, पाय ठेवायला तिरपी पट्टी. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलेलं एकही वाक्य त्यांनी सोडलं नव्हतं. मला मनातून कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली, कारण त्या ड्रॉइंगमध्ये कुठेही काही सरकत नव्हतं.

भिलाईबाहेर रसमड्याला बाबांच्या ओळखीच्या एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मीही गेले होते. मालकाने ड्रॉइंग पाहून आधी विचारलं की वर मोटर बसवायची आहे का पंप. लडकी का लिखने का टेबल है, असं बाबा म्हणाले तेव्हा तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने शहाणपणाची गोष्ट सुचवली. पायांना भोकं पाडून बोल्ट टाकू, पुढे कधी उंची कमी-जास्त करता येईल. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. उभं आयुष्य त्यांनी ढिले पडलेले बोल्ट आवळण्यात घालवलं. बोल्ट म्हटला की तो एक दिवस ढिला पडणार, ही त्यांची पक्की खात्री. ते म्हणाले, माप घेतलं आहे, दोनदा घेतलं आहे, वेल्डिंग मारा. मला तेव्हा बोलता आलं असतं. पण ते तिथे त्या ठिणग्यांच्या आवाजात इतके खुशीत उभे होते, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच पाय न हलवता उभे होते, की मी गप्प बसले.

टेबल टेम्पोतून आलं. उतरवायला चार माणसं लागली, दारातून आडवं करून, मग तिरपं करून, मग चौकटीचा थोडा रंग खरवडून ते आत गेलं. हिरवा रंग, मशीनला मारतात तो. आईने कुंकू लावलं, नारळ फोडला, तोही टेबलाच्याच कडेवर, आणि कडेला काहीही झालं नाही. बाबांनी वर पातळी बघायची लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मधे. त्यांनी मला बसवलं, चारही बाजूंनी फिरून पाहिलं, आणि आता कर काम, म्हणाले.

पहिले काही दिवस मी खरोखर सुखात होते. जागा माझी होती, वस्तू जिथल्या तिथे होत्या, मांजर स्थिरावलं होतं. मग उजवा खांदा दुखायला लागला. मग मान. मग हाताच्या मुंग्या, ज्या जरा कमी झाल्या होत्या, त्या कोपरापर्यंत चढल्या. कीबोर्डपर्यंत हात न्यायचा तर मला खांदे उचलून धरावे लागत होते. टेबल उंच होतं. फार नाही, थोडंसंच, पण रोज दिवसभर थोडंसं. खुर्चीवर उशी घेतली तर पाय अधांतरी राहायचे, आणि त्या तिरप्या पट्टीवर विटा ठेवल्या असत्या तर बाबांना कळलं असतं.

बाबांना मी हे सांगितलं नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगितलं की फरक नाही, तर ती म्हणाली टेबलावर बसलेला फोटो दाखवा. आईने काढला. फोटो पाहून ती गोंधळली. कोपर काटकोनात, मनगट सरळ, पाय जमिनीवर. सब तो सही है, म्हणाली, आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाली की महिनाभरात आराम पडला नाही तर सर्जनला दाखवावं लागेल. मी परतताना ऑटोत डावा हात उजव्या हातावर घट्ट दाबून बसले होते. ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती याची होती की सगळं बरोबर असूनही हात बरा होत नाही म्हणजे दोष माझ्यातच आहे. हे असं वाटायची मला आधीपासूनच सवय लागलेली होती.

तेव्हापासून माझे दोन संसार सुरू झाले. बाबा घरात असले की मी हिरव्या टेबलापाशी. ते बाहेर पडले की मी लॅपटॉप उचलून जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून, गव्हाच्या कोठीवर स्क्रीन आणि मांडीवर कीबोर्ड. त्याने मान मोडायची, पण खांदे तरी सुटायचे. गेटची कडी वाजली की पळत टेबलाशी. आईला सगळं दिसत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त बाबा वळणावर दिसले की स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आपटायची. आम्ही दोघी मिळून एका माणसाला खूश ठेवत होतो आणि त्यात माझा हात जात होता. एवढं साधं गणित मला का दिसत नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

एका शनिवारी बाबा बँकेत गेले आणि लगेच परत आले. दुसरा शनिवार होता, बँक बंद, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माझ्या कानाला हेडफोन. गेटची कडी मला ऐकू आली नाही. मी वर पाहिलं तेव्हा ते दारात चप्पल काढत होते आणि मी कोठीसमोर जमिनीवर, उजव्या मनगटाला ओला टॉवेल गुंडाळून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, आणि आत जाऊन पाणी प्यायले.

दुपारभर त्यांना चैन पडली नाही. जेवले, आडवे झाले, उठले, अंगणात गेले, आत आले. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी लेव्हल आणली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा मधेच होता. टेप लावून एकेक माप ड्रॉइंगशी ताडून पाहिलं. सगळं तंतोतंत. मग ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, आणि मला कळलं की ते टेबलावर नाही, माझ्यावर चिडलेले आहेत.

'मशीन आवाज करून राहिली अन् ऑपरेटर सांगतच नाई, तर मेंटेनन्सवाल्यानं काय करावं?' ते म्हणाले. 'सांगाले काय होते तुले?'

'तुमाले वाईट वाटलं असतं.'

'मले वाईट वाटलं असतं. हात तर तुया जाऊन राहिला.'

त्यांनी ड्रॉइंग पुन्हा उलगडलं आणि सोमवारी टेबलाचे पाय कापायला नेतो म्हणाले. ते इतकं सहज म्हणाले की मी चकित झाले. महिनाभर मी ज्या गोष्टीला जपत होते, ती त्यांनी चहाचा कप बाजूला सारावा तशी सारली. फक्त किती कापायचं हे ठरवायला खरं माप हवं होतं, आणि कागदावरचं माप तर बरोबर होतं. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, 'माप घेतलं तवा तू कशी बसली होती?'

'सरळ.'

'कावून?'

या कावूनचं, या 'का'चं उत्तर मला ठाऊक होतं. परत आल्यापासून मी बाबांसमोर सरळच बसत होते. जेवताना, टीव्ही बघताना, शेजारी आले की, आणि आईने काढलेल्या त्या फोटोतही. पोरगी खचली असं त्यांना वाटू नये म्हणून. मी सुखात आहे हे सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते, म्हणून पाठ होती. त्यांना माझी वाकलेली पाठ कधी दिसलीच नव्हती आणि त्यांनी जी बाई दिसली तिचं माप घेतलं. असंच, एवढंच मी म्हणाले.

बाबा उठले. खुर्ची टेबलाशी लावली, माझ्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला.

'मी नसलो की जशी बसते, तशी बस.'

मी बसले. आणि मला तसं बसता येईना. ते समोर टेप धरून उभे, आणि माझे खांदे आपोआप मागे जात होते. मी मुद्दाम वाकून पाहिलं तर ते नाटक वाटलं, त्यांनाही आणि मलाही. दोनदा तसं झालं. मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी टेप आईच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, अगदी जवळ, कॅलेंडरसमोर, पाठीमागे हात बांधून. कर काम, म्हणाले.

मी हेडफोन लावला. कुठल्याशा गावातला डॉक्टर कुठल्याशा म्हाताऱ्याच्या कंबरेबद्दल बोलायला लागला, तो काही शब्द गिळत होता, मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, मशीनने चुकीचं लिहिलेलं खोडलं. थोड्या वेळाने खोली विसरले. काम असंच असतं, ते माणसाला त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवतं. आई माझ्या पायाशी जमिनीवर बसलेली, टेपचं टोक फरशीला लावून, चष्मा नाकावर सरकवत, हे मला कोपराला टेपचा गार स्पर्श झाला तेव्हा कळलं. तिने आकडा वाचला.

बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, परत घे.

आईने परत घेतला. तोच आकडा आला. तो तिने या खेपेला हळू आवाजात सांगितला. मी हेडफोन काढला. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज लांब गेला. बाबांना पहिला आकडा पाठ होता, दुसरा आत्ता ऐकला होता, आणि त्या माणसाला वजाबाकी करायला कधी कागद लागला नाही.

'येवढी वाकून बसते तू?' ते भिंतीला म्हणाले.

त्यांचा आवाज कापरा झाला होता. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, मी बॅग घेऊन परत आले त्या दिवशीसुद्धा नाही.

हो, म्हणाले मी.

मग बाबा वळले. मी सरळ झाले नाही.